चैत्रात बागेत कोण येतं?

जुलैतल्या रविवारी लोकांच्या फळबागेला माणसांची वाण कधीच पडत नाही. पाऊस भुरभुरत असतो. शाळेची मुलं, बचत गटातल्या बायका, तालुक्याच्या गावाहून आलेले पाहुणे, सगळ्यांच्या हातात एकेक रोप असतं. दोन-तीन तासांत शंभर खड्डे भरून होतात आणि लोक चिखलाचे पाय घेऊन आनंदात घरी जातात. त्याच बागेत एप्रिलमधल्या रविवारी पाणी घालायला किती जण येतात, यावर ती बाग जगणार की नाही हे ठरतं. गायरानांवर, शाळांच्या आवारांत, देवस्थानांच्या जमिनींवर आणि शहरालगतच्या टेकड्यांवर श्रमदानातून लावलेल्या कितीतरी बागा पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच वाळून गेल्या आहेत. त्या लावणाऱ्यांना झाडांची माया नव्हती असं म्हणवत नाही. झाडाला माणूस लागतो तो काळ आणि माणसाला झाडाकडे जावंसं वाटतं तो काळ, या दोहोंची सांगड कुणी घातली नव्हती, एवढंच.

ती घालता येते. त्यासाठी वर्षभराचं काम आधी नीट डोळ्यांसमोर आणावं लागतं. इथे मी बोलतोय ते पुणे, सातारा, अहिल्यानगर, सोलापूर, बीड या पर्जन्यछायेच्या पट्ट्याबद्दल. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत आटोपणारा. खाली वीत-दोन वीत माती आणि मग मुरूम. कोकणातल्या बागेचं गणित वेगळं आहे, तिथल्या वाचकांनी या लेखातले महिने जसेच्या तसे घेऊ नयेत.

पहिला निर्णय झाडं कोणती लावायची हा, आणि निम्मी लढाई तिथेच जिंकता किंवा हरता येते. उन्हाळ्यात माणसं कमी पडणार हे ठाऊक असेल, तर उन्हाळ्यात झोपणारी झाडं निवडावीत. अशी झाडं आपल्याकडे आहेत. आवळ्याचंच बघा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला त्याला बारीक हिरवट-पिवळी फुलं येतात, फलधारणा होते आणि त्यानंतर काहीच होत नाही. गर्भ सुप्तावस्थेत जातो. कडक उन्हाळाभर तो तसाच डहाळीला चिकटून राहतो आणि पावसाळा लागल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, आवळे दिसू लागतात, फुगू लागतात. म्हणजे ज्या महिन्यांत पाणी नाही त्या महिन्यांत या झाडाच्या अंगावर फळ पोसायचं ओझंच नाही. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. आवळ्याच्या झाडाला स्वतःच्या परागकणांनी नीट फळ धरत नाही, म्हणून एकाच जातीची कलमं न लावता कृष्णा, कांचन, चकैया, एनए-७ यांपैकी किमान दोन जाती मिसळून लावायच्या. एकाच रोपवाटिकेतून एकाच जातीची रोपं भेट मिळाली म्हणून ती सगळी लावली आणि पुढे वर्षानुवर्षं आवळे का धरत नाहीत म्हणून लोक कोड्यात पडले, असं होऊ शकतं.

बोराचीही हीच शहाणी रीत. फळं संपली की एप्रिल-मेमध्ये त्याची भरपूर छाटणी करतात आणि बिनपानांचं झाड ऊन अंगावर घेत स्वस्थ उभं राहतं. पावसाबरोबर नवी फूट येते आणि फुलं-फळं त्या नव्या फुटीवरच लागतात. बोरीच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. माळावर रानबोरी आपणहून उगवलेल्या असतातच. पावसाळ्यात त्यांच्या नव्या जोमदार फुटीवर उमराण किंवा जळगावच्या मेहरूण बोराचा डोळा भरला की झालं. मुळं आधीच मुरमात खोल गेलेली असतात, त्यामुळे अशा झाडाला पहिल्या उन्हाळ्यातसुद्धा फारसं पाणी लागत नाही. पाण्याचा एक हंडाही न वाहता वाढणारं फळझाड हवं असेल तर ते हेच. डोळा भरता येणारी दोन माणसं गावात तयार करणं, हे शंभर रोपं विकत आणण्याइतकंच मोलाचं आहे.

तिसरं सीताफळ. मूळचं अमेरिकेतलं, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आलेलं आणि दख्खनच्या डोंगरउतारांवर इतकं रुळलेलं की ते परदेशी आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला खरं वाटू नये. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हिवाळ्याच्या शेवटी ते पानं गाळतं आणि कमी पाण्यात निभावून नेतं. शिवाय शेळ्या-मेंढ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत. कुंपणाला पैसे नसलेल्या सार्वजनिक बागेत या एका गुणाची किंमत केवढी आहे, हे ज्यांनी आंब्याची रोपं एका रात्रीत शेंड्यापासून बुडख्यापर्यंत खाल्लेली पाहिली आहेत त्यांना विचारावं. आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत श्रमदानाच्या जोडीला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी का घातली, याचं उत्तरही तिथेच मिळतं.

आंबा मात्र लावायचाच, कारण आंब्याशिवाय लोक बागेला आपली म्हणत नाहीत. या पट्ट्यात केसर चांगला येतो. पण पहिले तीन उन्हाळे त्याला पाणी द्यावंच लागतं, म्हणून जेवढ्यांची जबाबदारी घेता येईल तेवढेच लावायचे. पेरूसाठी सरदार ही जात भरवशाची. १९२७ मध्ये डॉ. चिमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात लखनौच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून ती निवडली, म्हणून जुने माळी तिला अजून ‘लखनौ-४९’ म्हणतात. डाळिंबाची गणेश ही जातही त्याच गणेशखिंडीतली. तरीही श्रमदानाच्या बागेत डाळिंब लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तेल्या रोग एकदा शिरला की ठरलेल्या वेळी फवारणी, रोगट फांद्यांची काटछाट आणि बागेची स्वच्छता यांत एक आठवडाही चुकून चालत नाही. पोटापाण्यासाठी रोज शेतात उभा राहणारा शेतकरी ते करतो. रविवारी येणाऱ्यांकडून ते होत नाही आणि त्या बागेतला रोग शेजारच्या शेतकऱ्याच्या डाळिंबात जातो.

चिंच आणि जांभूळ हद्दीवर, मोकळ्या अंतरावर. जांभूळ ओढ्याकाठी असेल तर उत्तम. अंतराच्या बाबतीत लोकांचा हात फार आखडतो, जवळजवळ लावलेली रोपं पहिली पाच वर्षं सुंदर दिसतात आणि मग एकमेकांना उन्हाला मोताद करतात. आंबा दहा-दहा मीटरवर लावला तर एकरात चाळीस झाडं बसतात, सीताफळ पाच-पाच मीटरवर लावलं तर एकशे साठ. आंब्यांच्या मधल्या जागेत पहिली दहा-बारा वर्षं सीताफळ किंवा पेरू घेता येतो.

ही सगळी झाडं एकत्र मांडली की एक गोष्ट ध्यानात येते. भाद्रपद-आश्विनात सीताफळ, कार्तिकापासून आवळा, थंडीत पेरू, पौषात बोरं, माघापासून चैत्रापर्यंत चिंच, वैशाखात आंबा, ज्येष्ठात जांभूळ. पाऊस जोरात असतो ते दोन महिने सोडले तर दर महिन्याला बागेत काही ना काही तोडण्याजोगं असतं. माणूस फळासाठी येतो, आणि फळासाठी आला की त्या महिन्याचं काम त्याच्याकडून होतं. मिश्र बाग लावण्याची कारणं सांगताना लोक जैवविविधता सांगतात, रोगराईला आळा सांगतात, आणि ती कारणं खरीच आहेत. माझ्या दृष्टीने मोठं कारण हे, की अशा बागेत माणसांचा राबता तुटत नाही.

वर्षाची सुरुवात बहुतेक जण जूनपासून धरतात. मी ती नवरात्रापासून धरतो, कारण पुढच्या उन्हाळ्याचं भवितव्य त्या दिवसांत ठरतं. तेव्हा माळावर गवत कमरेएवढं असतं, जमिनीत ओल असते. पवन्या, मारवेल, कुसळी यांचं ते गवत दाणे पक्के होऊन कुसळं कपड्यांत रुतू लागण्याआधी कापायचं. कापलेलं गवत झाडांच्या आळ्यात चार ते सहा इंच जाडीचं पसरायचं. खोडापासून मात्र वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर वाळवी गवताबरोबर सालही खाते आणि खोडाशी ओल कोंडून बुंधा कुजतो. हे आच्छादन मार्चपर्यंत दबत दबत निम्मं होतं, तरी जमिनीला सावली देतं आणि ओल धरून ठेवतं. उन्हाळ्यात वाहाव्या लागणाऱ्या पाण्यातला मोठा वाटा इथे, आश्विनात, वाचतो.

त्याच कापणीत दुसरं काम होतं ते वणवा अडवण्याचं. दिवाळीनंतर गवत वाळलं की डोंगर जाळल्याने पुढच्या वर्षी चारा चांगला येतो, ही समजूत अजून गेलेली नाही. कुणी बिडीचं थोटूक टाकलं तरी पुरतं. आठ वर्षांची बाग एका दुपारी जाते. म्हणून बागेच्या कडेने दहा-पंधरा फूट रुंदीचा पट्टा पूर्ण खरवडून जाळरेषा काढायची, आणि ती डिसेंबरच्या आत. या कामाला फोटो नाही, फळ नाही, पाहुणे नाहीत. पण श्रमदानाच्या सगळ्या दिवसांत एकच दिवस सक्तीचा ठेवायचा झाला, तर तो जाळरेषेचा ठेवावा.

पाऊस सरल्यावर आणि पुन्हा पावसाच्या तोंडाशी, असे वर्षातून दोनदा मोठ्या झाडांच्या खोडाला दोन-तीन फूट उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्यायचं, लोखंडी नाही. मिश्रणात लोखंडी सुरी बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झालंय, चुना वाढवायचा. मुलांना ही परीक्षा फार आवडते आणि विज्ञानाचा एक धडा जागेवर होतो.

आश्विनात सीताफळ सुरू झालेलं असतं. ते कधी तोडायचं हे नव्या माणसाला शिकवावं लागतं. खवल्यांमधल्या भेगा रुंदावून त्यांत पिवळसर-पांढरी रेघ दिसू लागली, म्हणजे फळाने डोळे उघडले, की ते तोडायचं. डोळे मिटलेलं फळ तोडलं तर ते काळं पडतं, पिकत नाही. डोळे पुरते उघडेपर्यंत थांबलं तर झाडावरच फुटतं आणि मुंग्या, खारी, पाखरं त्याचा फडशा पाडतात. तोडल्यावर तीन-चार दिवसांत ते पिकतं आणि त्यानंतर टिकत नाही. त्यामुळे सीताफळाच्या हंगामात आठवड्यातून एकदाच बागेत जाऊन भागत नाही, दिवसाआड कुणीतरी फेरी मारायलाच हवी. सकाळी चालायला जाणारी निवृत्त मंडळी या कामाला अगदी योग्य.

कार्तिकात आवळे भरतात. तुळशीच्या लग्नात बोर, भाजी, आवळा लागतो, आवळीखाली वनभोजन करायची रीत अजून कितीतरी घरांत आहे. ते भोजन सार्वजनिक बागेतच करावं. जेवायला आलेल्या प्रत्येकाने एकेका झाडाचं आळं खुरपून मगच पानावर बसायचं, अशी प्रथा घालून देता येते आणि लोक ती आनंदाने पाळतात. संक्रांतीला सुगडात बोरं हवीत, बोरन्हाणाला तर हवीतच. त्या आठवड्यात बागेत येणाऱ्यांना थंडीचं काम द्यायचं: वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या, रोगट फांद्या काढणं आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट फासणं. सीताफळाची छाटणी त्यानंतर, पानगळ होऊन गेल्यावर, नवी फूट यायच्या आत.

याच दिवसांत आंब्याला मोहर येतो. कलमी आंबा लावल्यावर दुसऱ्याच वर्षी मोहरतो आणि ज्यांनी त्याला पाणी घातलं त्यांना आभाळ ठेंगणं होतं. तो मोहर खुडून टाकायचा असतो. पहिली तीन वर्षं झाडाने अंग धरावं, फळ धरू नये. हे सांगायला जीव होत नाही, पण कंबरेएवढ्या झाडाला चार आंबे पोसायला लावले तर ते पुढे कायमचं खुरटतं. मोठी झाडं मोहरात असताना कीटकनाशक फवारू नये, परागीभवन करणाऱ्या माश्या आणि मधमाश्या तेव्हा कामावर असतात.

पेरूसारख्या झाडांचा बहार आपल्याला निवडता येतो. शेतकरी याला बहार धरणं म्हणतात. मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार, पहिले दोन नक्षत्रांवरून आणि तिसरा आंबा मोहरण्याच्या हंगामावरून ओळखला जातो. तंत्र एकच, झाडाला ताण द्यायचा. पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते, पण पानं अन्न बनवत राहतात आणि ते फांद्यांत साठत जातं. काही पानं गळतात. मग पाणी मिळताच साठलेल्या अन्नाच्या जोरावर डोळ्यांतून फुलं फुटतात. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिन्याचा ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीत जास्त द्यावा लागतो. स्वयंसेवकांच्या बागेने मृग बहारच धरावा. एप्रिल-मे महिने ताण आपोआप देतात, मृगाचा पाऊस तो तोडतो, आणि फळ येतं ते थंडीत, फळमाशीचा उपद्रव उतरलेला असताना. आपल्या अडचणीचाच इथे उपयोग होतो.

आता उन्हाळा. हिशेब कागदावर मांडल्याशिवाय या महिन्यांत पाऊल टाकू नये. पहिल्या वर्षाच्या रोपाला चांगलं आच्छादन असलं तरी आठवड्याला वीस लिटर पाणी धरावं. शंभर रोपं म्हणजे आठवड्याला दोन हजार लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण सतरा आठवडे होतात, म्हणजे चौतीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ साडेतीन टँकर. आकडा ऐकून लोक घाबरतात, पण तो इतकाही मोठा नाही. शेततळं असेल तर मात्र त्यातलं पाणी हवेतही उडत असतं. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास उतरते, ती तूट हिशेबात धरायची. ठिबक असेल तर बरंच. नसेल तर रोपाच्या शेजारी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरावं, बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात बसवावी आणि तोंडावर झाकण ठेवावं. पाणी थेट मुळांशी झिरपतं आणि हवेत जात नाही. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात पुरलेल्या मडक्यांनी पिकाला पाणी द्यायची पद्धत वर्णिली आहे, आणि आजही टेकडीवरच्या रोपाला याहून स्वस्त उपाय नाही.

पाणी घालणार कोण? एका कुटुंबाला एक झाड दत्तक द्यायचं, त्यावर नावाची पाटी लावायची, ही पद्धत लोकप्रिय आहे आणि मला ती पटत नाही. कुटुंब सुट्टीत मामाच्या गावी जातं, बदली होऊन जातं, घरात आजारपण निघतं, आणि नेमकं ते एक झाड वाळतं. शेजारचा माणूस बादली घेऊन आला तरी दुसऱ्याच्या पाटीच्या झाडाला पाणी घालत नाही. त्यापेक्षा पाच-सहा घरांच्या गटाला एक अख्खी ओळ द्यावी. गटातलं एक घर गैरहजर असलं तरी ओळ सुकत नाही. पाणी संध्याकाळी द्यावं, आणि आळं झाडाच्या पसाऱ्याच्या कडेला गोल करावं, खोडाशी नाही, कारण पाणी पिणारी बारीक मुळं तिकडे असतात.

चैत्रात बागेत माणूस आणायचा कसा, याची उत्तरं बागेतच आहेत. जुनी चिंच असेल तर तिची झोडणी आणि फोडणी फाल्गुन-चैत्रातच येते, आणि चिंचा फोडत गप्पा मारायला बायका एकत्र जमतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं लागतं, वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या बागेत असतात. हळदीकुंकू संध्याकाळी बागेतच ठेवलं तर येणाऱ्या प्रत्येकीकडून एक कळशी पाणी झाडाला जातं. बाग अगदी नवी असेल तेव्हा मात्र यातलं काहीच हाताशी नसतं. ती पहिली तीन वर्षं पाळीचा कागद, फोनवरची आठवण आणि दर रविवारी न चुकता येणारी चार माणसं यांवर निघतात. एखाद्या गावात अशी चार माणसं आहेत की नाहीत, हे रोपं आणण्याआधी पाहून घ्यावं.

वैशाखात आंबा उतरवायचा तो झेल्याने, बोटभर देठ ठेवून. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो, साल काळी पडते आणि तिथूनच कुज सुरू होते. पिकवायला गवताची अढी पुरते. कार्बाइडला कायद्याने बंदी आहे आणि लोकांच्या बागेत तर त्याचं नावही निघू नये. याच महिन्यात नवे खड्डे घ्यायचे, मोठ्या झाडांसाठी मीटरभर लांब, रुंद, खोल. ते पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्यायचे म्हणजे त्यांतली कीड आणि बुरशी मरते. मग तळाला पालापाचोळा, वर पोयटा आणि कुजलेलं शेणखत मिसळून पावसाआधी भरून टाकायचे.

आषाढातल्या लागवडीबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, त्यामुळे दोनच गोष्टी सांगतो. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, आणि जोडाला गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी रोप रुजल्यावर आठवणीने कापून टाकली पाहिजे. ती राहिली तर खोड जाड होताना पट्टीशी आवळलं जातं आणि वाऱ्याच्या एका झोताने तिथे मोडतं. किती रोपं लावायची हा आकडा पाहुण्यांच्या संख्येवरून ठरवू नये. आधीच्या उन्हाळ्यात दर आठवड्याला किती लिटर पाणी खरोखर वाहिलं गेलं ते पाळीच्या वहीत लिहिलेलं असतं. त्याला वीसने भागलं की आकडा मिळतो, आणि त्यातूनही मागच्या दोन वर्षांतली अजून पाण्यावर असलेली रोपं वजा करायची. उरतील तेवढ्यांत आधी नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायच्या. कित्येक वर्षी नवीन लागवडीला दहाच रोपं उरतील. दहाच लावावीत. जमलेल्या शंभर माणसांना त्या दिवशी चर खोदायला, आळी बांधायला, बांधावर गवताचे ठोंब लावायला कामं पुष्कळ असतात.

पावसाळ्यात एक फसगत टाळायला हवी. लावलेल्या कलमावर एक फांदी भराभर, इतरांना मागे टाकून वाढू लागते आणि सगळे खूश होतात. ती बहुतेकदा जोडाच्या खालून, म्हणजे रानटी खुंटावरून फुटलेली असते. ती खुडली नाही तर वरचं कलम उपाशी मरतं आणि काही वर्षांनी केसरच्या जागी आंबट रायवळ हाती येतो. सीताफळावर याच दिवसांत पिठ्या ढेकूण दिसतो, कापसासारखा पांढरा. त्याला खाणारा क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा मिळतो, तो सोडावा. त्याच्या अळ्याही पांढऱ्या, मेणचट, पिठ्या ढेकणासारख्याच दिसणाऱ्या असतात. उत्साही हातांनी त्या चिरडल्या जाऊ नयेत म्हणून दोन्ही शेजारी ठेवून मुलांना ओळखायला शिकवावं, अळी चपळ चालते, ढेकूण जागचा हलत नाही. फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे एकरी चार-पाच टांगतात, त्यांत नर अडकतात. पण सापळ्याहून मोठं काम म्हणजे खाली पडलेलं प्रत्येक किडकं फळ त्याच दिवशी उचलून दोन फूट खोल पुरणं. फळातली अळी जमिनीत शिरून कोष करते आणि नवी माशी होऊन वर येते. ते चक्र फक्त हातांनी तुटतं.

राहिला वाटणीचा प्रश्न. झाडं फळावर आली की पहिली भांडणं येतात, आणि ती टाळता येत नाहीत, सोडवावी लागतात. चोरीच्या बाबतीत फ्रान्समधली एक हकिगत सांगण्यासारखी आहे. बोर्डो परिसरातले द्राक्षबागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं मिश्रण शिंपडत, वाटसरूंना फळं विषारी वाटावीत आणि त्यांनी तोडू नयेत म्हणून. १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बाकी वेली केवडा रोगाने झडल्या असताना त्या रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार आहेत. त्यातून त्याने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. आपण खोडाला फासतो ती पेस्ट तिथून आली.

सार्वजनिक बागेला मात्र वाटसरूंना घाबरवून चालत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी अशा सामायिक मालमत्ता लोकांनी शतकानुशतकं कशा टिकवल्या याचा अभ्यास केला. १९९० साली त्यांचं पुस्तक आलं आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना काही गोष्टी समान दिसल्या. हक्कदार कोण हे स्पष्ट, नियम तिथल्या लोकांनी तिथल्या परिस्थितीला धरून केलेले, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच, आणि चुकणाऱ्याला शिक्षा आधी हलकी, मग वाढत जाणारी. आपल्या गावांत ग्रामपंचायतीच्या चिंचेचा, आंब्याचा लिलाव होतो, तीही अशीच जुनी रीत. लोकांच्या बागेने सगळी झाडं लिलावात घालू नयेत, नाहीतर बाग ठेकेदाराची होते. हद्दीवरच्या चिंचा लिलावाने द्याव्यात, त्यातून पाण्याचा आणि शेणखताचा खर्च निघतो. बाकीच्या फळांत पहिला वाटा अंगणवाडी आणि शाळेचा, दुसरा उन्हाळ्याच्या पाळीला आलेल्यांचा, पाळीच्या वहीतल्या हजेरीप्रमाणे. वाऱ्याने पडलेलं चांगलं फळ ज्याला सापडेल त्याचं, मग तो मेंढरामागचा पोरगा असो की परगावचा माणूस. शेंड्यावरची फळं, जिथे झेला पोचत नाही, ती पाखरांची. हे नियम ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत ठराव करून घ्यावेत, बागेच्या दाराशी मोठ्या अक्षरांत रंगवावेत, आणि दर वर्षी नवरात्रात गवत कापायला सगळे जमतात तेव्हा वाचून दाखवून, बदल हवा असेल तर तिथेच करावा. हजेरीची नवी वहीही त्याच दिवशी उघडावी.